बिऱ्हाड कोठे करावे?

सोमवारची पहाट. चंद्रपूरच्या बसस्थानकावरचे दिवे अजून जळताहेत. गडचिरोलीच्या गाडीपाशी उभ्या असलेल्या मंडळींकडे जरा निरखून पाहा. कोणाच्या हातात आठवड्याच्या कपड्यांची पिशवी आहे, कोणाच्या हातात जेवणाचा डबा. एक शिक्षिका खिडकीजवळ बसली आहे आणि खाली तिचा नवरा पेंगुळलेल्या लेकराला कडेवर घेऊन उभा आहे. गाडी सुटते. लेकरू हात हलवते. आता आई पुन्हा दिसायची ती शनिवारी संध्याकाळी.

हे दृश्य आपल्याकडे नवलाचे राहिलेले नाही. पूर्वी नोकरी बहुधा एकट्या पुरुषाची असे. बदलीचा हुकूम आला की सामान मालमोटारीत चढवायचे आणि बिऱ्हाड त्याच्या पाठोपाठ निघायचे. बिऱ्हाड कोठे करावे हा प्रश्नच नसे. तो वरच्या कचेरीने सोडवलेला असे. आता एका घरात दोन हुकूम येतात, आणि ते दोन्ही एकाच गावाचे असतील अशी काही खात्री नाही. नवरा एकीकडे आणि बायको दुसरीकडे नोकरीला असेल, तर घर कोठे करावे? चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन वनजिल्ह्यांपुरता आज या प्रश्नाचा विचार करू.

आपल्याच भागात हा प्रश्न इतका अवघड का होतो, ते आधी पाहिले पाहिजे. १९८२ सालच्या २६ ऑगस्टपर्यंत हे दोन्ही मिळून एकच जिल्हा होता. त्या दिवशी गडचिरोली वेगळा झाला. वैनगंगेच्या पश्चिमेला कारखाने आणि खाणी आहेत. बल्लारपूरला कागदाची गिरणी, दुर्गापूरला वीजकेंद्र, भद्रावतीला दारूगोळ्याचा सरकारी कारखाना, घुग्घुस, माजरी, सास्ती या बाजूला कोळसा, गडचांदुराकडे सिमेंट. पूर्वेला मुख्यतः रान, धानाची शेती, आणि त्यात विखुरलेल्या शाळा, आश्रमशाळा, आरोग्य केंद्रे, वनविभागाची आणि तहसिलीची कामे. अलीकडे सुरजागडच्या लोहखाणीमुळे आणि कोनसरीच्या कारखान्यामुळे तिकडेही उद्योगाची नोकरी आली आहे. पण एकंदर घडण अजून अशीच आहे. म्हणजे एकाला कारखान्यात आणि दुसऱ्याला शाळेत किंवा दवाखान्यात नोकरी लागली, की मध्ये नदी आली, रान आले आणि शंभर-दीडशे किलोमीटरांची वाट आली.

त्यात गडचिरोली जिल्हा लांबट. उत्तरेच्या कोरचीपासून दक्षिणेच्या सिरोंचापर्यंत रस्त्याने जायचे तर तीनशेहून अधिक किलोमीटर पडतात. साडेचौदा हजार चौरस किलोमीटरांच्या आसपास क्षेत्रफळ, आणि २०११ च्या शिरगणतीत वस्ती पावणेअकरा लाखांच्याही आतली. दोन-तृतीयांशांहून अधिक भाग रानाखाली. आगगाडीचे म्हणाल, तर वर्षानुवर्षे सबंध जिल्ह्याला वडसा हे एकच स्थानक. तेव्हा पुण्या-मुंबईच्या जोडप्याला लोकल गाडीचा जो आधार असतो, तो येथे नाही. येथे आधार एस.टी.चा, आपल्या दुचाकीचा आणि एखाद्या ओळखीच्या जीपवाल्याचा.

आता बघा, अशा वेळी जोडप्याला पहिली युक्ती कोणती सुचते? बहुतेकांना मधले गाव सुचते. समजा, नवरा चंद्रपूरला आणि बायको गडचिरोलीला आहे. अंतर सुमारे ऐंशी किलोमीटर. मध्यावर मूल हे तालुक्याचे गाव. मग बोलणे असे होते:

“अहो, मूलला खोली घेऊ. दोघांनाही सारखंच पडेल.”

“सारखं पडेल खरं. पण रात्री लेकराला ताप आला तर मूलला आपलं कोण आहे?”

हा जो नवऱ्याने विचारलेला प्रश्न आहे, तोच खरा प्रश्न आहे. त्यावर मी पुढे येणारच आहे. आधी नुसता हिशेब करून पाहू. चंद्रपूरला राहिले तर बायकोला जाऊन येऊन एकशे साठ किलोमीटर पडतात. गाडीची वाट पाहणे धरून रोजचे चार तास गेले असे समजू. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर शंभर तास होतात. आठ तासांचा एक दिवस मानला तर हे साडेबारा दिवस झाले. म्हणजे महिना कामाचा करायचा आणि वर जवळजवळ अर्धा महिना गाडीत बसायचे! आता मूलला राहिले तर काय होते? दोघांनाही रोज ऐंशी किलोमीटर आणि दोन-दोन तास. बेरीज पुन्हा चार तासच. थकवा कमी झाला नाही, तो दोघांत वाटला गेला. वाटून घेणे वाईट नाही, संसार त्यावरच चालतो. परंतु पूर्वी दिवसभर एक माणूस घराच्या गावात असे. शाळेतून निरोप आला तर दहा मिनिटांत पोचत असे. आता दोघेही चाळीस किलोमीटर दूर, एक पश्चिमेला आणि एक पूर्वेला. घराला सकाळी नऊला कुलूप लागते ते संध्याकाळी सातला निघते.

मधले गाव नेहमीच चुकीचे असते असा याचा अर्थ नव्हे. ते गाव स्वतःच्या पायावर उभे असेल तर जरूर घ्यावे. ब्रह्मपुरीचे उदाहरण घ्या. शाळा-महाविद्यालये आहेत, दवाखाने आहेत, आगगाडीचे स्थानक आहे, आणि नदी ओलांडली की वडसा, आरमोरी जवळच. नवरा नागभीडला आणि बायको वडशाला असेल, तर ब्रह्मपुरीला राहण्यात शहाणपण आहे. तेथे कोणाचीच वाट तासाहून मोठी नाही आणि गावात जे लागते ते मिळते. पण नकाशावर पट्टी ठेवून, बरोबर निम्म्यावर जे नाव येईल तेथे खोली घेणे हा संसाराचा हिशेब नव्हे. तो भूमितीचा हिशेब झाला.

दुसरी चूक किलोमीटरांची. आपल्या रानात किलोमीटर सारखे नसतात. चंद्रपूर ते वरोरा हे अंतर आणि आलापल्ली ते भामरागड हे अंतर यांत कागदावर फार फरक दिसत नाही. पण पहिल्या वाटेवर आगगाडी आहे, रुंद सडक आहे, रात्री गाड्या आहेत. दुसरी वाट दाट रानातून जाते. तिच्यावर गाड्या मोजक्या, आणि पावसाळ्यात मधले नाले कधी अडवतील याचा नेम नाही. भामरागड पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावर वसले आहे. पर्लकोटेचा जुना ठेंगणा पूल वर्षानुवर्षे पावसाळ्यात पाण्याखाली जात आला आहे, आणि तसे झाले की भामरागडच्या मागची गावे जगापासून तुटतात. नवे उंच पूल झाले तरी आतल्या वाटांवरचे रपटे आणि नाले राहतातच. हे केवळ आतल्या रानातच घडते असेही नाही. २०२० च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस गोसीखुर्द धरणाचे पाणी सुटले तेव्हा ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी या भागांत वैनगंगेने केवढा हाहाकार केला, हे अनेकांना आठवत असेल.

म्हणून माझे सांगणे असे की अंतर तासांत मोजावे, आणि तेही श्रावणातल्या तासांत. घर ठरवण्यापूर्वी ती वाट एकदा भर पावसात प्रवास करून पाहावी. शेवटची गाडी किती वाजता सुटते, मुक्कामी गाडी कोणत्या गावापर्यंत जाते, ती चुकली तर रात्री टेकायला जागा कोठे, हे वाहकालाच विचारावे. उन्हाळ्यात पाहिलेली वाट आणि पावसाळ्यात भेटणारी वाट या दोन निराळ्या वाटा असतात, हे येथल्या जुन्या माणसाला सांगावे लागत नाही. नव्याने बदलून आलेल्याला मात्र ते पहिल्या पुरातच कळते.

तिसरी गोष्ट कामाच्या स्वरूपाची. काही नोकऱ्या घड्याळाच्या असतात, काही हाकेच्या. शाळा, बँक, कचेरी ही घड्याळाची कामे. आरोग्य केंद्रातली परिचारिका, डॉक्टर, वनरक्षक, पोलीस, विजेच्या तारांवर काम करणारा माणूस, यांची कामे हाकेची. बाळंतीण रात्री दोन वाजता येते. वणवा लागतो तो सुटीचा दिवस पाहून लागत नाही. अशा नोकरीला मुख्यालयी राहण्याची अट असते, आणि ती केवळ कागदावरची अट समजू नये; तिच्यामागे कोणाचा तरी जीव असतो. तेव्हा दोघांपैकी एकाचे काम हाकेचे आणि दुसऱ्याचे घड्याळाचे असेल, तर घर हाकेच्या माणसाजवळ असणे स्वाभाविक आहे. घड्याळाच्या माणसाला जाऊन येऊन करता येते. आपल्याकडे त्याला ‘अपडाऊन’ म्हणतात. हाकेच्या माणसाला अपडाऊन करता येत नाही.

आता त्या नवऱ्याच्या प्रश्नाकडे येऊ. रात्री लेकराला ताप आला तर? मी तर म्हणेन की घर निवडताना जोडप्याने एक अडचणीची रात्र डोळ्यांपुढे आणावी. पाऊस लागला आहे, वीज गेली आहे, एकजण नोकरीच्या गावी अडकला आहे, आणि घरात लेकरू किंवा म्हातारी आई आजारी आहे. अशा रात्री घरी जो एकटा असेल त्याला कोणाचे दार ठोठावता येईल? दवाखाना किती दूर? तेथे न्यायला वाहन कोणाचे? ज्या गावात या प्रश्नांना उत्तरे आहेत, तेथे घर करावे. ते गाव एकाच्या नोकरीपासून दूर पडले तरी चालेल. रोजचा त्रास माणूस सोसतो. अडचणीची रात्र मात्र सोसायला शेजार लागतो. तो शेजार कधी नातेवाइकांचा असेल, कधी क्वार्टरच्या चाळीतल्या सहकाऱ्यांचा, तर कधी त्या गावच्या अंगणवाडीताईचा. परंतु तो पाहिजेच.

मुलांचे वयही ध्यानात घ्यावे. पाच वर्षांपर्यंतच्या लेकराला शाळेपेक्षा माणसाची गरज अधिक. तेव्हा ते जिच्याजवळ अगर ज्याच्याजवळ राहणार, त्याच्या नोकरीच्या गावी घर असलेले बरे. शाळकरी वयात शाळेची सलगता महत्त्वाची. दर वर्षी गाव बदलणे परवडत नाही. पुढे सहावीपासून नवोदय विद्यालयाचा एक मार्ग खुला होतो. गडचिरोली जिल्ह्याचे घोट येथे आणि चंद्रपूरचे तळोधी बाळापूर येथे आहे. तेथे मूल लागले तर आईबापांचा राहण्याचा निर्णय पुष्कळ मोकळा होतो. म्हणजे पाहा, तीन वर्षांपूर्वी जे घर योग्य होते, ते आज योग्य असेलच असे नाही.

पैशाचा हिशेब तर करावाच, पण तो पुरा करावा. दोन बिऱ्हाडे थाटली की दोन भाडी लागतात, दोन गॅसच्या टाक्या लागतात, दोन ठिकाणची भांडीकुंडी आणि दोन ठिकाणचे किराणा. अपडाऊन केले तर तिकीट किंवा पेट्रोल. बायकांना १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त निम्मे तिकीट झाले, त्यामुळे पुष्कळ घरांत हा हिशेब पालटला. दुसऱ्या बाजूला, आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणीसारख्या सवलती आहेत. तिकडची नोकरी सोडून देण्याचा विचार करताना त्याही मोजाव्यात. आणि एक रक्कम कोणी वहीत मांडत नाही, ती म्हणजे थकव्याची. रोज चार तास रस्त्यावर घालवणारा माणूस रात्री दुचाकीवर डुलक्या घेत रानातून येत असेल, तर वाचलेले भाडे फार महाग पडते.

येथवर सगळे वहीत मांडता येण्यासारखे झाले. पण खरा तिढा निराळाच असतो. घरातली मंडळी बसतात आणि कोणीतरी हळूच म्हणते, “एवढी ओढाताण कशाला? सूनबाईनं नोकरी सोडावी, म्हणजे प्रश्नच मिटला.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. त्याने आजवर असेच पाहिलेले असते. परंतु नवऱ्याने नोकरी सोडावी असे त्याच सहजपणे कोणी म्हटलेले आपण ऐकले आहे का?

या बाबतीत आपल्या न्यायालयांचा विचार कसा बदलत गेला, ते सांगण्यासारखे आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात नवऱ्याला किंवा बायकोला, जोडीदार विनाकारण दूर राहत असल्यास, एकत्र नांदण्यासाठी दाद मागता येते. या कलमाखाली नोकरी करणाऱ्या बायकांची प्रकरणे न्यायालयांत गेली. पंजाबच्या उच्च न्यायालयाने १९६४ सालच्या सुमारास आणि पुढेही, राहण्याचे ठिकाण ठरवण्याचा हक्क नवऱ्याचा आहे, अशी बाजू उचलून धरली होती. पण १९७८ साली दिल्लीच्या उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आले. बायको पंजाबात सुनाम येथे मुख्याध्यापिका होती; लग्नाच्या आधीपासून तिची नोकरी तेथे होती. नवरा दिल्लीला होता, आणि त्याची मिळकत तिच्याहून काही चांगली नव्हती. न्यायालयाने सांगितले की संसाराचे ठिकाण एकट्या नवऱ्याने ठरवावे असे कोणताही कायदा म्हणत नाही. तसे मानणे हे संविधानातल्या समानतेच्या तत्त्वाशी विसंगत होईल. दोघांनी मिळून, परिस्थिती आणि सोय पाहून ठरवायचे. लग्नापूर्वीच दोघांच्या नोकऱ्या असतील, तर बायकोने आपली सोडून यावे असे गृहीत धरता येत नाही.

आणि आपल्या मातीतली गोष्ट सांगायची तर, लग्नानंतर बाईनेच घर सोडावे हा काही सगळ्या जगाचा नियम नाही. येथल्या गोंड समाजात लमझना किंवा लमसेना नावाची जुनी रीत आहे. त्यात होणारा जावई मुलीच्या घरी राहून काही वर्षे शेतीचे काम करतो. त्यात त्याला कोणी कमी लेखीत नाही. ज्या रानात आपण नोकरीला आलो, त्या रानाला पुरुषाने बायकोच्या गावी राहणे ठाऊक आहे. मग एखाद्या गुरुजींनी आपल्या डॉक्टर बायकोच्या गावी बिऱ्हाड केले, तर त्यात नाक मुरडण्यासारखे काय आहे?

काही जोडप्यांनी हा तिढा वेगळ्या तऱ्हेने सोडवला. हेमलकशाला १९७३ च्या डिसेंबरात बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहिले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीला आले. या दोन्ही घरांत नवराबायको दोघेही डॉक्टर, आणि दोघांनी आधी गाव निवडले, मग काम त्या गावात उभे केले. हा मार्ग थोर आहे. पण तो ज्यांना एकच काम मिळून करता येते त्यांचा मार्ग आहे. वीजकेंद्रातल्या फिटरला आणि एटापल्लीच्या शिक्षिकेला तो घेता येत नाही. त्यांना त्यातून एवढेच घेता येईल, की गाव दोघांनी मिळून निवडले तर तेथली गैरसोय कोणा एकाच्या कपाळी बसत नाही.

आता सरकारी नोकरांसाठी चार व्यवहाराचे शब्द. बदलीच्या नियमांत पती-पत्नींना जवळ आणण्याची तरतूद आहे, पण अर्ज केल्यावाचून ती आपणहून चालत येत नाही. राज्य कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठी २००५ चा अधिनियम आहे. त्याप्रमाणे एका जागेवरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा, आणि सर्वसाधारण बदल्या वर्षातून एकदा, एप्रिल किंवा मे महिन्यात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ हा विशेष संवर्ग ठेवला, आणि दोघांच्या शाळांतले अंतर तीस किलोमीटरांहून अधिक असेल तर त्याचा लाभ मागता येईल असे ठरवले. एकजण दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर आंतरजिल्हा बदलीतही अशा जोडप्यांचा विचार होतो. केंद्र सरकारच्या नोकरांसाठी सप्टेंबर २००९ च्या सूचना आहेत. विशेषतः मुले अठरा वर्षांची होईपर्यंत पती-पत्नींना शक्य तेथे एकाच ठिकाणी नेमावे, असा त्यांचा रोख आहे. हे नियम वेळोवेळी सुधारतात, म्हणून त्या वर्षीचे परिपत्रक कचेरीतून मागून वाचावे. विवाहाचा दाखला, जोडीदाराच्या कचेरीचे प्रमाणपत्र आणि अंतराचा अधिकृत दाखला ही कागदपत्रे हिवाळ्यातच तयार ठेवावीत. एप्रिलमध्ये धावपळ करून उपयोग होत नाही. हेही लक्षात असू द्यावे की ही सवलत आहे. जागा रिकामी नसेल तर ती मिळायला वेळ लागतो. तिच्या भरवशावर आज भाड्याचे घर सोडून बसू नये.

आणि ज्यांना बदली नाही, रजा नाही, परिपत्रक नाही, त्यांचे काय? धानाचा हंगाम संपला की या दोन्ही जिल्ह्यांतली कितीतरी माणसे मिरची तोडायला तेलंगणात जातात. कधी नवरा एकटा जातो, कधी दोघे जातात. त्यांनाही हाच प्रश्न असतो, फक्त त्याला नोकरदारांची भाषा नसते. तेथेही कसोटी तीच लावावी. लेकरांचे घर गावात, आजीपाशी ठेवावे, म्हणजे शाळा तुटत नाही. आजी नसेल तर स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी जिल्हा परिषदेमार्फत हंगामी वसतिगृहे चालतात. गावाच्या शाळेत त्याची चौकशी दिवाळीनंतर लगेच करावी. मिरचीच्या शेतावरच्या पालात लेकरू नेले, तर दोन महिन्यांची मजुरी मिळते आणि एक वर्षाची शाळा जाते.

शेवटी, दोन बिऱ्हाडे करण्यावाचून गत्यंतरच नसेल, तर तीही नीट करावीत. त्यातल्या एकाला घर म्हणावे आणि दुसऱ्याला खोली. घर ते, जेथे लेकरे आहेत, रेशनकार्ड आहे, देवघर आहे, आणि सणाला दोघेही येतात. खोलीत एक कॉट, एक शेगडी आणि पावसाळ्यासाठी पंधरा दिवसांचा शिधा पुरे. दोन्ही ठिकाणे अर्धी-अर्धी घरे झाली, की दोन्हीकडे पाहुण्यासारखे वाटते. खोलीवर राहणाऱ्याने रोज एका ठरलेल्या वेळी घरी बोलावे. रेंज मिळत नसेल त्या गावाहून कोणत्या टेकडीवरून किंवा कोणत्या चौकातून बोलता येते, ते पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवावे. घरी राहणाऱ्यानेही मनात ठेवावे की दुसरा मजेत नाही. तो एकट्याने भात शिजवून जेवतो आहे.

आणि हा निर्णय जन्माचा समजू नये. तो तीन वर्षांचा समजावा. दर एप्रिलमध्ये, बदल्यांचे वारे सुटले की, दोघांनी एक संध्याकाळ काढून बसावे आणि वर सांगितलेले प्रश्न पुन्हा एकमेकांना विचारावेत: श्रावणात वाट किती तासांची आहे? हाकेचे काम कोणाचे आहे? लेकरू आता केवढे झाले? अडचणीच्या रात्री दार कोणाचे ठोठवायचे? मागच्या खेपेला ज्याने अधिक सोसले, त्याच्या बाजूचा विचार या खेपेला आधी व्हावा. एवढे एक ठरले तरी घरातली निम्मी भांडणे होणार नाहीत.

पहाटेच्या गाडीने जाणारी ती शिक्षिका शनिवारी परत येईल. तिच्या लेकराला अंतर कळत नाही, परिपत्रक कळत नाही. आई गेली म्हणजे परत येते, आणि ती येईपर्यंत आपल्यापाशी कोणीतरी आपले माणूस आहे, एवढेच त्याला कळते. बिऱ्हाड कोठेही करा. लेकराचा हा विश्वास जेथे टिकेल, ती जागा चांगली.